निकाहाआधीचा कलमा

मदिनेत उम्म सुलैम नावाची एक विधवा राहत होती. तिचा मुलगा अनस पुढे वर्षानुवर्षं प्रेषितांच्या सेवेत राहिला आणि त्याने सांगितलेल्या असंख्य आठवणी हदीसच्या संग्रहांत आल्या. या बाईंना अबू तल्हा यांनी मागणी घातली. माणूस प्रतिष्ठित, खाऊनपिऊन सुखी, पण तोवर मूर्तिपूजक. उम्म सुलैम यांनी त्यांना सांगितलं की तुमच्यासारख्याला नकार द्यावा असं काही नाही, पण मी मुसलमान आहे, तुम्ही नाही. इस्लाम स्वीकारलात तर तोच माझा मेहेर, मला दुसरं काही नको. अबू तल्हांनी इस्लाम स्वीकारला आणि लग्न झालं. इमाम नसाईंच्या संग्रहात ही हकीकत आहे आणि ती सांगणाऱ्याने या मेहेराची मोठी वाखाणणी केली आहे. लग्नाच्या वाटेने धर्मात आलेले हे अबू तल्हा पुढे उहुदच्या लढाईत प्रेषितांची ढाल होऊन उभे राहिले. बैरुहा ही आपली सर्वांत आवडती बाग त्यांनी दान करून टाकली.

याच परंपरेत दुसरी एक हदीस आहे आणि तिचा मान असा की इमाम बुखारींनी आपल्या संग्रहाची सुरुवातच तिने केली. कर्माचं मोल हेतूवरून ठरतं, असा तिचा आशय. मक्केहून मदिनेला ज्याने अल्लाहसाठी स्थलांतर केलं त्याचं स्थलांतर अल्लाहच्या खात्यात जमा. ज्याने एखाद्या स्त्रीशी लग्न करायचं म्हणून केलं, त्याचं तेवढ्यासाठीच. भाष्यकारांनी या हदीसला एक गोष्ट जोडली आहे. उम्म कैस नावाच्या स्त्रीशी लग्न करायचं म्हणून एक गृहस्थ मदिनेला आला, तेव्हापासून लोक त्याला उम्म कैसचा मुहाजिर म्हणू लागले.

लग्नासाठी धर्म बदलावा की नाही या प्रश्नावर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी इतका कर्कश आवाज चढलेला असतो की खुद्द इस्लामच्या परंपरेत यावर चौदाशे वर्षांपासून दोन सूर आहेत, हे कानावर येत नाही. एक सूर सांगतो की दारातून कोणत्याही कारणाने आत या, आत आल्यावर घर तुमचं होऊ शकतं. दुसरा बजावतो की ज्यासाठी आलात तेवढंच मिळेल. मला दोन्ही खरे वाटतात. म्हणूनच सल्ला मागायला येणाऱ्या तरुण जोडप्यांपुढे मी दोन्ही गोष्टी ठेवते.

ही जोडपी बहुतेक वेळा घाईत असतात. वकिलाकडे येताना त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: किती दिवसांत होईल? त्याचं उत्तर इतकं सोपं आहे की त्याचीच मला काळजी वाटते. इस्लाम स्वीकारायला लागतो फक्त कलमा, म्हणजे अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष समजून-उमजून उच्चारणं. मौलवी समोर असलाच पाहिजे असं नाही, प्रमाणपत्रही लागत नाही. त्यानंतर गुस्ल करावं, म्हणजे सर्वांगाची विधिपूर्वक आंघोळ. काही पंथांत ती अनिवार्य, हनफींमध्ये इष्ट. पुरुषांना सुंतेची धास्ती असते. शाफई पंथ ती आवश्यक मानतो, हनफी सुन्नत मानतो, पण धर्मप्रवेश किंवा निकाह वैध ठरण्याची ती अट नाही. नाव बदलणंही अनिवार्य नाही. नावाच्या अर्थात इस्लामला न चालणारं काही नसेल तर जुनं नाव तसंच ठेवता येतं.

म्हणजे सगळं अर्ध्या तासाचं काम. मुंबईत मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि राज्य शासनाच्या राजपत्रात नाव-धर्म बदलाची नोंद हे सोपस्कार होतात. ते कायद्याच्या पुराव्यासाठी असतात. धर्माला त्यांची गरज नाही.

निकाहाच्या अटीही मोजक्याच. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार, दोन्ही एकाच बैठकीत, सुन्नी पद्धतीत दोन मुसलमान साक्षीदार, आणि मेहेर. मेहेर हा वधूचा हक्क आहे, तिच्या बापाचा नाही आणि जमातीचाही नाही. काझी असावा असा रिवाज आहे, पण 1880 च्या काझी कायद्यानेच स्पष्ट केलं आहे की लग्नाला काझीची हजेरी अनिवार्य नाही.

गुंता सुरू होतो तो वलीपाशी, म्हणजे वधूच्या वतीने निकाह लावून देणाऱ्या पालकापाशी. इथे आपल्या महाराष्ट्रातच दोन वाटा फुटतात. देशावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले बहुसंख्य मुसलमान हनफी. सज्ञान स्त्री स्वतःचा निकाह स्वतः लावू शकते, असं हनफी मत आहे. कोकणी मुसलमान मात्र शाफई. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराने किनाऱ्यावर जो इस्लाम आणला, त्याची ही खूण आहे. शाफई मताप्रमाणे वलीशिवाय स्त्रीचा निकाह होत नाही आणि मुसलमान वधूचा वली मुसलमानच असावा लागतो. म्हणजे चिपळूणच्या किंवा दापोलीच्या कोकणी घरात लग्न करून जाणारी, नुकताच कलमा पढलेली मुलगी असेल, तर तिचा जन्मदाता बाप तिचा वली होऊ शकत नाही. मग ते काम काझीकडे जातं. ज्याला वली नाही त्याचा वली राज्यकर्ता, असं तत्त्व त्यामागे आहे आणि राज्यकर्त्याच्या जागी काझी उभा राहतो.

मुलीला हे बैठकीतच कळतं. कालपर्यंत न पाहिलेला एक माणूस तिच्या वतीने बोलतो आणि ती गोंधळून मान डोलावते. हे आधी कोणी सांगितलं असतं तर तिला विचारता आलं असतं की माझा वली कोण होणार, मेहेर किती ठरणार, तो लगेच देणार की मागाहून, आणि हे सगळं निकाहनाम्यात कुठे लिहिणार. वलीचं काम तिचं हित पाहणं हे आहे. हित पाहायचं तर तिच्याशी आधी बोलायला नको का?

हनफी वाटेवरही एक काटा आहे आणि त्यावर आमच्या मुस्लिम वाचकांनी माझ्याशी भांडावं. जुन्या हनफी ग्रंथांत कुफू, म्हणजे जोड बरोबरीची असणं, याची चर्चा आहे. त्यात असं मत सापडतं की जो स्वतः इस्लाममध्ये आला तो, जिचे बाप-आजे मुसलमान होते अशा स्त्रीच्या बरोबरीचा नाही. अशा लग्नाला तिच्या वलीने हरकत घ्यावी. माणसांत मोठा तोच जो अधिक धर्मनिष्ठ, असं कुराणाच्या एकोणपन्नासाव्या सूरेत सांगितलेलं असताना हे मत टिकतं कसं, हे मला समजलेलं नाही. आपल्या मराठी मुलखाला हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. रोटीव्यवहार होईल पण बेटीव्यवहार नाही, हे आपण जातींमध्ये शतकानुशतकं केलं. पढलेल्या कलम्याने माणूस भाऊ होतो पण सोयरा होत नाही, असं एखादी जमात वागत असेल, तर तिने नव्याने येणाऱ्याला कलमा पढवण्याआधी ते सांगून टाकावं.

धर्म बदलायची गरज पडते कुणाला? कुराणातल्या पाचव्या सूरेने मुसलमान पुरुषाला ज्यू आणि ख्रिस्ती स्त्रीशी, तिचा धर्म तसाच ठेवून, लग्नाची मुभा दिली. दुसऱ्या सूरेत अनेकेश्वर मानणाऱ्यांशी विवाहाला मनाई आहे. मुसलमान स्त्रीने मुसलमानाशीच लग्न करावं, यावर परंपरेचं एकमत आहे. त्यामुळे तिच्याशी निकाह करायचा तर हिंदू असो, ख्रिस्ती असो वा बौद्ध, त्याला कलमा पढावा लागतो. ही असमानता आहे, ती तशीच मांडली पाहिजे. ट्युनिशियाने मुस्लिम स्त्रियांच्या अशा विवाहांना मनाई करणारं 1973 चं परिपत्रक 2017 मध्ये मागे घेतलं, पण धर्मपंडितांतले बहुतेक अजूनही जुन्याच मतावर ठाम आहेत. हिंदू मुलगी धर्म न बदलता मुसलमान मुलाशी निकाह लावून बसली तर काय, याचं भारतीय उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलं. असा विवाह अनियमित असतो, पण मुळातच रद्द नसतो. मुलं औरस आणि वारस ठरतात. पत्नीला मेहेर मिळतो, नवऱ्याच्या मालमत्तेत वारसा मात्र मिळत नाही.

आणि जो धर्म बदलतो आहे तो आधीच विवाहित असेल तर? या प्रश्नाने प्रेषितांचं घरही सोडलं नाही. त्यांची मोठी मुलगी झैनब इस्लाममध्ये आली, तिचा नवरा अबुल-आस आला नाही. बद्रच्या लढाईत तो मक्केच्या बाजूने लढला आणि कैद झाला. त्याला सोडवण्यासाठी झैनबने आईने, खदीजाने, लग्नात दिलेला हार पाठवला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे तो मुसलमान होऊन मदिनेला आला आणि प्रेषितांनी मुलगी त्याच्याकडे परत पाठवली. पहिल्याच निकाहावर पाठवली की नवा निकाह आणि नवा मेहेर ठरवून, याबद्दल दोन वेगळ्या हकिकती आहेत आणि विद्वान आजही त्यांवर वाद घालतात. या हकिकतीत तोडायची घाई कोणीच केलेली नाही, माझ्या मनावर ठसतं ते हेच. पती-पत्नी दोघंही एकत्र इस्लाममध्ये आली तर त्यांचं जुनं लग्न टिकतं, पुन्हा निकाहाची गरज नाही, हेही याच समंजसपणातून आलेलं.

पत्नी एकटी आली तर शास्त्रकारांनी इद्दतीची, म्हणजे थांबण्याची, मुदत सांगितली, साधारण तीन मासिक पाळ्या. तेवढ्या काळात पती आला तर लग्न कायम, नाही आला तर संपलं, असं अनेकांचं मत. मुस्लिम राज्यात पतीला आधी विचारावं आणि त्याने नाही म्हटलं तर काझीने दोघांना वेगळं करावं, हे हनफी मत. पण भारतात हे चालत नाही. 1946 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका झरथुष्ट्री दांपत्याचा खटला आला. पत्नी मुसलमान झाली होती, पतीने धर्म बदलायला नकार दिला होता, आणि आपलं लग्न आपोआप तुटलं असं जाहीर करावं, अशी तिची मागणी होती. न्या. ब्लॅग्डेन यांनी ती फेटाळली. एका धर्माने लागलेलं लग्न जोडीदारांपैकी एकाला एकतर्फी दुसऱ्या धर्मात जाऊन मोडता येत नाही, हा त्यातला गाभा. अपिलातही न्या. छागला यांनी तेच ठरवलं. पुढे 1995 च्या सरला मुदगल खटल्यात आणि 2000 च्या लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच धागा पुढे नेला: पहिलं हिंदू लग्न न मोडता मुसलमान होऊन दुसरं लग्न करणारा द्विभार्या गुन्ह्याचा आरोपी. तेव्हा दंडसंहितेचं 494 कलम होतं, आता न्याय संहितेचं 82 आहे. हिंदू विवाह कायद्यात धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण तो हक्क धर्म न बदललेल्या जोडीदाराला आहे. म्हणजे ज्याचं आधीचं लग्न जिवंत आहे त्याने मौलवींकडे जाण्याआधी कौटुंबिक न्यायालयात जावं. घटस्फोटानंतर इद्दतही पाळावी. विधवेसाठी ती चार महिने दहा दिवस.

इथे एका तरतुदीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे, कारण ती धर्मांतर करणाऱ्या मुलींना कधीच कोणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात अशा मुस्लिम स्त्रिया होत्या ज्यांचे नवरे बेपत्ता होते, छळत होते किंवा सोडून गेले होते. हनफी शास्त्रात त्यांना सुटकेचा रस्ता जवळपास नव्हता. मग त्यांतल्या काही धर्मच सोडू लागल्या, कारण धर्मत्यागाने लग्न तुटतं हे शास्त्र होतं. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांना हे अस्वस्थ करून गेलं. हनफी असूनही त्यांनी मालिकी पंथातली घटस्फोटाची कारणं उचलली आणि तसा ग्रंथ लिहिला. त्यातूनच 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा आला. स्त्रीला न्यायालयातून घटस्फोट मागायची नऊ कारणं त्याने दिली आणि कलम 4 मध्ये ठरवलं की पत्नीने धर्म सोडल्याने लग्न आपोआप मोडणार नाही. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे: दुसऱ्या धर्मातून इस्लाममध्ये आलेली स्त्री जर आपल्या मूळ धर्मात परतली तर हे कलम तिला लागू नाही. तिच्यापुरतं जुनं शास्त्र शिल्लक राहतं. जन्माने मुसलमान आणि लग्नासाठी मुसलमान झालेली, या दोघींचं लग्न संपण्याचं गणित कायद्यातच वेगळं आहे. कलमा पढताना किती जणींना हे माहीत असतं?

वारशाचंही तसंच. धर्म बदलला म्हणून मुलीचा आईबापांच्या मालमत्तेवरचा हक्क जात नाही. पण धर्मांतरानंतर जन्मलेली तिची मुलं आपल्या हिंदू नातलगांची वारस होत नाहीत, असं हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 26 सांगतं. उलट बाजूने, मुस्लिम वारसा कायद्याच्या शास्त्रात अमुसलमान हा मुसलमानाचा वारस नसतो. म्हणून तिच्या पश्चात तिच्या हिंदू आईला काही मिळावं असं वाटत असेल तर तिला मृत्युपत्र करावं लागेल, आणि मृत्युपत्राने देता येतो तो मालमत्तेचा एक तृतीयांश भाग.

या सगळ्या गोष्टी कळल्यावरही ज्याला कलमा पढायचा आहे, त्याला अडवणारी मी कोणी नाही, आणि माझ्या मते सरकारही नाही. प्रेषितांचे लाडके उसामा बिन झैद यांनी एका लढाईत तलवारीखाली आलेल्या माणसाला, त्याने कलमा उच्चारल्यावरही, मारून टाकलं. तो भीतीपोटी बोलला, असं त्यांचं म्हणणं. प्रेषितांनी त्यांना संतापून विचारलं, तू त्याचं काळीज फाडून पाहिलं होतंस का? इस्लामी न्यायशास्त्राने यातून धडा घेतला की माणसाच्या उच्चारलेल्या शब्दावर चालायचं, मनाचा पंचनामा करायचा नाही. आमची न्यायालयं मात्र यात अडखळली. 2014 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निव्वळ लग्नासाठी, श्रद्धेशिवाय केलेलं धर्मांतर ग्राह्य धरलं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल चुकीचा ठरवला आणि दोन सज्ञान माणसांनी कुणाबरोबर राहायचं हा त्यांचा प्रश्न आहे असं म्हटलं. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशात अध्यादेश आला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं, मग चौकशी. केरळच्या हादिया प्रकरणात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका सज्ञान डॉक्टरीच्या विद्यार्थिनीचं लग्न रद्द केलं होतं. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं. श्रद्धा खरी की खोटी हे काझीला कळत नाही तिथे दंडाधिकाऱ्याला कसं कळणार? फसवणूक आणि बळजबरी हे गुन्हे आहेत, त्यांची तक्रार झाली तर तपास व्हावा. मन बदलण्याआधी परवानगी घ्यायला लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

पण श्रद्धा नसेल तर? तर माझं मत स्पष्ट आहे: कलमा पढू नका. विशेष विवाह कायदा 1954 पासून आहे. तो दोघांचाही धर्म तसाच ठेवतो, एकपत्नीत्व बंधनकारक करतो आणि वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा लावतो, त्यामुळे वरची वारशाची गुंतागुंत बरीचशी सुटते. त्याआधीच्या 1872 च्या कायद्यात दोघांनाही आपापला धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागायचं. आज तसं काही नाही. अडचण आहे ती तीस दिवसांच्या नोटिशीची. ती कार्यालयात लागते, घरच्यांपर्यंत पोचते, आणि ज्यांना घरच्यांची भीती आहे ती जोडपी तिला घाबरून निकाहाकडे किंवा आर्य समाजाकडे वळतात. म्हणजे ज्या कायद्याने धर्मांतराची गरजच संपवली, त्याच्याच एका कलमामुळे मनात नसलेली धर्मांतरं होतात. नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर असावं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये म्हटलं. संसदेने ते कायद्यात आणलं तर लग्नापुरती होणारी किती तरी धर्मांतरं आपसूक थांबतील. धर्मांतरविरोधी कायद्यांची मागणी करणाऱ्यांनी या मागणीला कधी पाठिंबा दिलेला मी ऐकला नाही.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सर्वांना लागू आहे. लग्न आधी सरकारी दप्तरात नोंदवायचं, धार्मिक विधी ज्याचे त्याने करायचे. गोव्यात नोंदलेल्या लग्नाला मुसलमान पुरुषासाठीही दुसऱ्या पत्नीची मुभा नाही. पणजीच्या किंवा मडगावच्या जोडप्यासाठी कलमा त्यामुळे निव्वळ श्रद्धेचा प्रश्न राहतो, आणि तो तसाच राहायला हवा.

ज्यांना श्रद्धेने यायचं आहे त्यांच्यासाठी शेवटचा विषय आईबापांचा. धर्म बदलला की माहेर तुटलं, असं दोन्हीकडचे लोक गृहीत धरतात. इस्लामचं शास्त्र तसं म्हणत नाही. आईबापांनी दुसऱ्या देवांकडे वळवायचा प्रयत्न केला तर ते ऐकू नये, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वागावं, अशी कुराणाच्या एकतिसाव्या सूरेतली आज्ञा आहे. अबू बक्र यांची मुलगी अस्मा हिची आई मूर्तिपूजक होती. ती भेटीला आली तेव्हा तिच्याशी नातं ठेवू का, असं अस्माने प्रेषितांना विचारलं आणि त्यांनी ठेव असं सांगितलं. माणसाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारावी, असं तेहेतिसाव्या सूरेत आहे. म्हणून धर्मांतराच्या प्रमाणपत्रावर बापाचं नाव खोडून दुसरं नाव लिहिणाऱ्यांना मी नेहमी ते नाव परत लिहायला लावते.

बाप वली होऊ शकत नाही, निकाहाचा साक्षीदारही होऊ शकत नाही. पण महाराष्ट्रात निकाहानंतर लग्नाची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करावी लागते, तिथे तीन साक्षीदार लागतात आणि त्यांच्या धर्माची अट नाही. मुलीचा बाप तयार असेल तर पहिली सही त्याची घ्यावी. तयार नसेल तर अर्ज घाईने भरू नये. थोडे दिवस थांबून त्याला पुन्हा विचारावं.